सातची प्रार्थना, मुक्काम इस्लापूर

आमच्या गल्लीतून रोज सकाळी सातला देवाची एस्टी सुटते. आधी टण टण अशी डबल घंटी होते आणि मग भिंतीपलीकडून आवाज येतो, "प्रभू, लातूर सोडून राहिलो! अहमदपूर, लोहा, कंधार, नांदेड, भोकर, हिमायतनगर, किनवट, मुक्काम इस्लापूर! चल, बसून घे!"

देवाला 'बसून घे' म्हणणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. आणि आवाज केवढा! माझ्या शिलाई मशिनीवरची कात्री हलते.

हे आमचे शेजारी, दानीएल काका. एस्टीतून रिटायर झालेले कंडक्टर. लग्न केलं नाही, एकटेच राहतात. मी नसीम, ब्लाउज शिवते. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत आहे, ती पण एका विटेची. त्यामुळं मी नमाज आटोपून मशिनीवर बसले की काकांची गाडी माझ्या कानातूनच जाते.

काकांचं चर्च मूळचं अँग्लिकन, बिशपवालं. त्यांच्या मंडळ्या, म्हणजे एकेका गावातली चर्चची माणसं, सगळ्या मराठवाड्यात विखुरलेल्या. कुठं गल्लीभर माणसं, कुठं एक बाकडंभर. या सगळ्या मंडळ्यांसाठी आणि त्यांच्या पाळकांसाठी, म्हणजे धर्मगुरूंसाठी, काका रोज प्रार्थना करतात. जन्मभर एस्टी केलेला माणूस, तो प्रार्थना बी रूटवरच करणार. दाराच्या चौकटीला दोरी आणि घंटी बांधलीय. हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. एक गाव झालं की चिमटा टिकटिक वाजवायचा आणि पुढच्या गावाला लागायचं.

बरं, नुसतं गावाचं नाव घेऊन भागत नाही. देवाला पत्ता द्यावा लागतो. "प्रभू, अहमदपूर. स्टँडच्या भाईर पड. डाव्या हाताला पिठाची गिरणी, तिच्या मागं आपलं चर्च. गिरणीत शिरू नको, पीठ उडतंय."

मी एकदा म्हणलं, "काका, देवाला पत्ता कशाला? त्याला सगळं ठाऊक असतं की."

"ठाऊक असतंय गं बेटी," काका म्हणाले, "पन त्येच्यामागं गर्दी केवढी! एवढ्या गावांतून आपलं हुडकायचं म्हंजे त्याला बी तरास."

पत्त्यानंतर खबर. संध्याकाळी चहा झाला की काका एकेका पाळकाला फोन लावतात. खबर घेतल्याबिगर गाडी सोडायची नाही, असा त्यांचा नियम. पाळक लोक बिशपसाहेबांच्या फोनला एवढे भीत नसतील, कारण काकांना जे सांगाल ते सकाळी सातला जाहीर होतं. "प्रभू, लोह्याच्या पाळकाची मोटारसायकल चढाला दम टाकून राहिली, तिच्यावर हात ठेव. भोकरच्या पाळकाचं प्रवचन लई लांबतंय, लेकरं झोपतेत, त्याला जरा आवर. आन् बिशपसाहेबांची साखर वाढलीय. त्यांना गोड कोन चारतंय, त्याला बुद्धी दे."

आता बिशपसाहेब ईदच्या सुमाराला काकांकडं आले होते, तेव्हा वाटीभर शीरखुर्मा मीच नेऊन दिला होता. काकांना हे नंतर आठवलं असावं. दुसऱ्या दिवशी लगेच दुरुस्ती आली, "प्रभू, ती शेजारची नसीम. मन चांगलं हाय, हात सैल हाय." मी भिंतीवर अशी थाप मारली की पलीकडची भांडी पडली. तौबा, माझी तक्रार थेट वरपर्यंत!

आमच्या लातूरचं पाणी तुम्हाला माहीत असेल. नळ येतो तो त्याच्या मर्जीनं, आणि आला की जग सोडून धावावं लागतं. काकांची प्रार्थना ऐन नांदेडात असताना नळ आला की एक घंटी. टण! "प्रभू, धा मिंट थांब. नांदेडला चहा घे." मग घागरी, बादल्या, पिंप, माझं पिंप, समोरच्यांचं पिंप. सगळं भरून झालं की पुन्हा टण टण. "झालं का तुझं? चल, फुडं सर." एवढ्या वेळात देव खरंच नांदेडला थांबला असेल, असं मला वाटायला लागलंय.

काकांची सगळ्यात मोठी फजिती झाली ती बदल्यांमुळं. त्यांच्यात पाळकांच्या बदल्या होतात, तलाठ्यांच्या होतात तशाच. काका एक दिवसाआड उदगीर-देगलूर मार्गे पण प्रार्थना नेतात, आणि कंधारच्या तरण्या पाळकाला मूलबाळ नव्हतं म्हणून महिनोन्‌महिने मागणं चालू होतं, "कंधारच्या पाळकीणबाईची कूस उजव." एका संध्याकाळी फोनवर कळलं की कंधारचा पाळक देगलूरला गेला आणि देगलूरचे म्हातारे पाळक कंधारला आले, तेही केव्हाच! मोबाइल नंबर तेच, म्हणून गावं बदललेली काकांना कळलीच नव्हती.

काकांनी डोक्याला हात लावला. संध्याकाळची वेळ, गाडीचा टाइम नाही, तरी धावत जाऊन घंटी ओढली. "प्रभू, गाडी उलटी घे! कंधारचं मागनं रद्द! ते देगलूरला वळव! कंधारच्या पाळकीणबाईचं वय झालंय, त्यांना नातवंडं हायत!" मग थोडं थांबून, हळूच, "तुझा काय भरोसा. सारेला तू नव्वदीत लेकरू दिलंस."

ही सारा त्यांच्या बायबलातली, आमच्याकडं पण तिची गोष्ट आहे, त्यामुळं मी पण घाबरले. कंधारला काही झालं नाही, अल्लाची मेहेरबानी. देगलूरच्या बाईंना पुढं मुलगी झाली. काका पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "उशिरा पोचली, पन गाडी पोचली."

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. हिमायतनगर सोडून किनवटला निघालं की इस्लापूर वाटेतच लागतं. पण काका ते ओलांडून किनवट करायचे आणि मग मागं इस्लापूरला यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मुक्काम शेवटाला आसतोय बेटी." आणि इस्लापूर आलं की गाडी हलतच नसे. "प्रभू, इस्लापूरची मंडळी. शेळी आटलीय, तिला पान्हा फुटू दे. माळवद गळतंय. दाढ दुखून राहिली. पायात काटा मोडला हुता, तो निगाला, तुझी किरपा. सांजच्याला एकटं वाटत आसंल तर जवळ बस." मग चिमट्याची टिकटिक नाही, काही नाही.

मी म्हणायची, केवढी मोठी मंडळी असेल ही! कुणाची शेळी, कुणाची दाढ, कुणाचं माळवद. नांदेडचा स्टॉप तेवढा वेळ थांबत नाही.

मग काकांचा घसा बसला. बसला तो बसलाच. मी आणि माझे मिस्टर रफिक त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काका, काम काय करता?"

काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "प्रार्थना."

"प्रार्थनेनं घसा कसा बसेल?"

मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, किनवटपर्यंत जाते ती."

घशात गाठ निघाली, ती काढली. डॉक्टरांनी बजावलं, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचं पण नाही, नाही तर आवाज कायमचा जाईल. काकांनी मान डोलावली. पण चेहरा बघवत नव्हता. कारण मला ठाऊक होतं. घसा पुरता बसायच्या आधी ते रोज मागत होते, "इस्लापूरच्या मंडळीत मोतीबिंदूचं आपरेशन हाय, येत्या शुक्रवारी, नांदेडला. प्रभू, ती गाडी चुकवू नको."

पहिल्या मुक्या सकाळी टण टण झालं आणि पुढं काहीच नाही. मग टिकटिक. पुन्हा काहीच नाही. मला शिवणं सुचेना. उठून गेले तर काका दोरी धरून उभे, डोळ्यांत पाणी.

"काका, मनातल्या मनात करा की!"

त्यांनी जोरानं मान हलवली. त्यांचं मत मी शंभरदा ऐकलं होतं. मनातली प्रार्थना म्हणजे बिनतिकिटाचा प्रवास, चेकर आला की उतरवतो.

मला रागच आला. "मग काय गाडी रद्द करता? सरा बाजूला. मला सगळा रूट पाठ आहे, रोज फुकट ऐकते." आणि मग मला सुचलं, "पण मी हाक काय मारू? तुमचा प्रभू की आमचा अल्ला?"

माझ्या मागोमाग आलेले रफिक हसले. "तूच सांगतेस ना, काका काय म्हणतात? प्लॅटफार्म येगळे, वरचा कंट्रोल एकच."

काकांनी टण टण केलं, आणि मी सुटले. पहिल्याच दिवशी कंधार विसरले. टण! काकांनी मला लोह्यापर्यंत मागं आणलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणलं, "लोह्याच्या पाळकानं ती मोटारसायकल आता भंगारात घालावी," तर काकांनी माझ्या कानाशी चिमटा असा वाजवला की बस्स. पण गाडी रोज धावली.

गुरुवारी संध्याकाळी लातूरचे पाळक भेटायला आले. तरणा पोरगा, मनाचा चांगला. म्हणाले, "काका, मी प्रार्थना करतो." डोळे मिटले आणि, "हे प्रभू, सर्व मंडळ्यांना आणि सर्व पाळकांना आशीर्वाद दे, आमेन."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. विनाथांबा! ना अहमदपूर, ना लोहा, सरळ आमेन!

पाळकांना सोडायला मी दारापर्यंत गेले. म्हणलं, "साहेब, तेवढं इस्लापूरसाठी वेगळं मागा. उद्या त्या मंडळीत कुणाचं तरी डोळ्याचं ऑपरेशन आहे. काकांना लई घोर लागलाय."

"इस्लापूर?" पाळक म्हणाले. "इस्लापूरला कुठं मंडळी राहिलीय बाई? एक शेळीवाली म्हातारी आहे, बस."

मग त्यांनी सांगितलं. काका मुक्कामी गाडीवर होते तेव्हा तिथं मंडळीची चार घरं होती. पाळक क्वचित यायचे, कंडक्टर यायचा, म्हणून कंडक्टरच संध्याकाळची प्रार्थना घ्यायचा. ही बाई तेव्हा तरणी, नुकतीच विधवा झालेली. कंडक्टर-ड्रायव्हरला ती भाकरी आणून द्यायची. पुढं काकांचा रूट बदलला. बाकीची घरं हैदराबादला गेली, ती एकटी राहिली. "काका किनवटच्या पाळकांना रोज फोन करून तिची खबर विचारतात," पाळक म्हणाले. "तिला मात्र कधी फोन केला नाही."

या अल्ला. म्हणजे शेळी तिची, दाढ तिची, माळवद तिचं, काटा तिच्याच पायातला! आणि मी समजत होते मराठवाड्यातली सगळ्यात मोठी मंडळी. मला आधी हसू आलं आणि मग असं रडू आलं की पदर तोंडात धरावा लागला.

शुक्रवारी सकाळी गाडी अहमदपूर, लोहा, कंधार, नांदेड करत किनवटला पोचली. मी थांबले. काका दोरी धरून खाली बघत होते.

"काका," मी म्हणलं, "इस्लापूरला मंडळी म्हणजे एकच बाई ना?"

त्यांनी हळूच मान डोलावली.

"अहो, बाकी सगळ्यांची नावं घेता. गिरणीचा पत्ता देता, मोटारसायकलची तक्रार सांगता. हिचं तेवढं नाव का नाही? आज तिचा डोळा कापणार आहेत. नांदेडच्या दवाखान्यात एवढ्या म्हाताऱ्या, देवानं ओळखायची कशी?"

काकांचे ओठ हलले. मी ओरडले, "बोलू नका! डॉक्टरांनी..."

"मार्था," काका म्हणाले.

फाटका, खरखरीत आवाज, मशिनीच्या सुताएवढा. आवाज कायमचा गेला असता तरी त्यांनी तो शब्द उच्चारला असता, हे मला दिसत होतं.

मी डोळे मिटले. "प्रभू, इस्लापूर. मार्थाबाई. आज नांदेडला, डोळ्याच्या दवाखान्यात. तिला नीट दिसू दे. आणि लातूरला एक पॅसेंजर लई वर्षं स्टँडवर उभा आहे. त्याला पण तिकडंच जायचंय. जागा कर."

घंटी वाजेना. डोळे उघडून बघते तर काका खुंटीवरचा धुतलेला सदरा काढत होते. चिमटा त्यांनी माझ्या हातात दिला.

रफिकनी डाळमिलच्या कामाला दांडी मारली, आणि आम्ही दोघांनी त्यांना नांदेडच्या गाडीत बसवलं. जन्मभर दुसऱ्यांना 'फुडं सरका' म्हणणारा माणूस खिडकीशी अंग चोरून बसला होता. कंडक्टर तरणा होता, आमच्या काकांना ओळखत नव्हता. "आजोबा, कुठं जायचंय?"

काका माझ्याकडं बघायला लागले. मी खालूनच ओरडले, "नांदेड! डोळ्याचा दवाखाना! त्यांना बोलायची मनाई आहे, रस्ता विचारून द्या. आणि बाई भेटल्याशिवाय परत गाडीत घेऊ नका!"

सगळी गाडी हसली. काका पण हसले, लाजून, लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखे. कंडक्टरनं दोरी ओढली. टण टण.