मिस्त्रींचा गुडघा आणि बंद लिफ्ट

टॅक्सीतून मिस्त्रींचा एक पाय बाहेर आला होता आणि दुसरा काही केल्या येत नव्हता. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्या गुंडाळून त्याचा पार ओंडका झाला होता.

"भावोजी, आधी कंबर सरकवा," मेहुणा म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस! तुझ्यामुळेच ही वेळ आलीय. म्हणे, एकदा स्कीइंग करून बघा भावोजी, जन्माचं सार्थक होईल. झालं सार्थक!"

खरं सांगायचं तर मिस्त्री बर्फावरून वीतभरही घसरले नव्हते. पायांना त्या लांबलचक स्की बांधून ते टेकडीवर नेणाऱ्या पाळण्यांच्या रांगेत निमूट उभे होते. तेवढ्यात वरचं चाक कुरकुरलं. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला ते सहन होईना. "अरे, याला वंगण कोण घालणार? तुमचा बाप?" असं ओरडत ते गर्रकन मागे वळले. म्हणजे कमरेपासून वर वळले. पाय स्कीत अडकलेले, ते जिथल्या तिथे राहिले. मधल्यामध्ये गुडघ्याला काय करावं ते सुचलं नाही आणि तो मुरगळला. शेजारी उभी असलेली चिमुरडी पोरं खो खो हसली, हे मेहुण्याने घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "हाड शाबूत आहे, पण आतला बंध ताणलाय. जिना चढायचा नाही. पुन्हा मुरगळला तर ऑपरेशन. गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना दाखवा."

जिना चढायचा नाही! आणि मिस्त्री राहायचे सहाव्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, पण ती बंद होती. बंद कोणी केली होती? त्यांनीच. तिसरा मजला ओलांडताना ती खर्रर्र करायची. निघायच्या गडबडीत त्यांनी वीज बंद केली, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीला कुलूप ठोकलं, चावी खिशात घातली आणि खाली पाटी लटकवली: 'लिफ्ट बंद आहे. माझ्या परवानगीशिवाय ही पाटी काढू नये.' चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, काकुळतीला येऊन म्हणाल्या होत्या, "अहो, माझे गुडघे!" त्यावर मिस्त्रींचं उत्तर, "चढा हो बाई. जिना चढून कोणी मरत नाही. गुडघ्यांना उलट व्यायाम होतो."

आता तीच पाटी त्यांच्या नाकासमोर लटकत होती, आणि त्यांना उतरवून घ्यायला बायको आणि शेजारी खाली जमले होते.

"ही वाकडी कशी झाली?" मिस्त्री कुबडीवर रेलून गुरकावले. "आणि मी सुतळीने बांधली होती. ही शिंप्याची फीत कुठून आली?"

दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी एकदम खाली बघू लागला. "वाऱ्याने पडली होती. मी बांधली. परवानगीशिवाय काढली नाही हो, नुसती बांधली."

"जिन्याखाली वारा?"

"अहो, वाद नंतर घाला," बायको मध्ये पडली. "आधी वर कसं जायचं ते बघा."

"चावी आहे माझ्याकडे. गच्चीवर गेलो की चालू करतो."

"आणि गच्चीवर कसे जाणार?"

मिस्त्रींनी कुबडीने जमीन ठोकली. मेहुणा सामानाची बॅग ओढत लिफ्टच्या दारापाशी गेला आणि म्हणाला, "पण ताई, हा दिवा तर..." बायकोने त्याचा दंड असा काही पकडला की तो कळवळला. ती त्याला कोपऱ्यात नेऊन काहीतरी कुजबुजली. परत आला तेव्हा त्याचं तोंड शिवल्यासारखं बंद झालं होतं.

शेवटी खुर्ची आली. एका बाजूने शिंपी आणि दुसऱ्या बाजूने तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, अशी वरात निघाली. मागे उशी घेऊन बायको. बाई आणि मेहुणा सामानापाशी खालीच थांबले.

"सांभाळून! पाय आपटेल! अरे, तिरकं धरा!"

"मिस्त्री, तुम्ही हलू नका, नाहीतर आपण तिघंही खाली जाऊ," दातांचे डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "आणि सूज आहे तोवर बर्फच लावा."

"बर्फाचं नाव काढू नका माझ्यासमोर!"

पहिला मजला ओलांडला आणि शिंप्याला खोकला सुरू झाला. साधासुधा नाही, घर डोक्यावर घेणारा. लगेच डॉक्टरांनाही खोकला आला. मागून बायकोही खोकू लागली.

"साथ आलीय की काय इथे?" मिस्त्री वैतागले.

चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर दोघा वाहकांचे सदरे घामाने चिंब झाले होते. तिथे आपल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन बाई उभ्या होत्या. केस जागच्या जागी, श्वास शांत.

"बाई, तुम्ही तर खाली होतात!"

"आले की चढून," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, व्यायाम होतो."

"आमच्या बाजूने कशा गेलात? जिना तर आम्ही अडवलाय."

"पाणी प्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तांब्या थेट त्यांच्या तोंडालाच लावला.

मिस्त्री ठसकले. पण डोकं मात्र चालू झालं होतं. खुर्ची पाचव्या मजल्याकडे निघाली आणि पुन्हा त्या तिघांचा सामुदायिक खोकला सुरू झाला. या वेळी मिस्त्रींनी डोळे मिटले आणि खोकल्याच्या पलीकडे कान लावला. भिंतीआड काहीतरी सर्रकन वर गेलं. खर्रर्र नाही, खरखर नाही, अगदी लोण्यातून सुरी फिरावी तसं.

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे लिफ्ट चालू होती! आणि दुरुस्तही झाली होती! चावी आपल्या खिशात असताना कुलूपही कोणीतरी खोललं होतं! असं काम पंचक्रोशीत दुसऱ्या एकालाच जमायचं, पलीकडच्या गल्लीतल्या त्या लिफ्टवाल्या चष्मेवाल्याला! मागे एकदा चष्मेवाल्याने लिफ्टमधला नुसता दिवा बदलला होता, तर मिस्त्रींनी वर्षभर सगळ्या इमारतीला सळो की पळो करून सोडलं होतं. कोणी किती वाजले विचारलं तरी ते म्हणत, "विचारा तुमच्या चष्मेवाल्याला!" आता त्या धास्तीने ही माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून सहा मजले चढत होती, पण खरं सांगत नव्हती. सांगणार तरी कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. मग खाली बघितलं. जिना भलताच उभा दिसत होता आणि शिंप्याची पकड सैल होत होती. मिस्त्रींनी तोंड मिटलं.

सहाव्या मजल्यावर मेहुणा तीन बॅगांसह दारात उभा होता. कपाळावर घामाचा एक थेंब नाही. मिस्त्रींनी त्याच्याकडे फक्त बघितलं. तो उगाचच धापा टाकायला लागला.

खुर्ची घरात टेकली. शिंपी जमिनीवर आडवा झाला. दातांचे डॉक्टर भिंतीला टेकून म्हणाले, "उद्या दवाखान्यात न्यायचंय ना? म्हणजे... पुन्हा खाली?" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. एव्हाना बाईही वर येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

मिस्त्रींना सगळं कळत होतं. आता आरडाओरडा करावा, तर उद्या याच खुर्चीतून, याच हातांनी, सहा मजले खाली. आणि गुडघा पुन्हा मुरगळला तर ऑपरेशन. गप्प बसावं, तर चष्मेवाल्याची लिफ्ट. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यांनी खिशात हात घातला. दोन चाव्या लागल्या. एक मशीनच्या खोलीची. दुसरी स्कीइंगच्या तिथल्या लॉकरची, घाईत परत करायची राहिलेली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लॉकरची चावी बायकोच्या हातावर ठेवली.

"गच्चीवर जा. मशीनच्या खोलीचं कुलूप उघड. आत डाव्या हाताला मोठा खटका आहे, तो वर कर. बघू चालू होते का."

बायको न बघताच चावी घेऊन गेली. जरा वेळाने ती परत आली.

"उघडलं. केला खटका वर. झाली हो लिफ्ट चालू!"

"झाली?" शिंपी ताडकन उठला. बटण दाबून आला. "झाली! आवाजसुद्धा गेला!"

"वा, मिस्त्री!" दातांच्या डॉक्टरांचा चेहरा उजळला. "खुर्चीत बसून दुरुस्ती!"

"हाताला गुणच आहे त्यांच्या," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

मिस्त्रींनी एकेकाच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. मग खाकरून म्हणाले, "काढा ती पाटी. माझी परवानगी आहे."

सगळे लिफ्टने खाली पळाले. बायकोने चावी पुढे केली.

"कुलूप नीट लावलंस ना?"

"लावलं की. दोनदा ओढून बघितलं."

"कडक होतं का जरा?"

"थोडं होतं. पण फिरली चावी."

मिस्त्रींनी लॉकरची चावी परत खिशात टाकली, ताणलेला पाय उशीवर ठेवला आणि म्हणाले, "बर्फ आण."