टिपणीसकाकांच्या घराचं वय

टिपणीसकाका कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले की पाचच मिनिटांत बाथरूम कुठे आहे ते विचारायचे. मग आतून चिनीमातीवर चिनीमाती घासल्याचा आवाज यायचा. नवखी यजमानीण हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे बघायची. मी तिला सांगायची, घाबरू नकोस, काका तुझ्या घराचं वय बघतायत.

इथल्या संडासाच्या टाकीत, झाकणाखाली, ती कधी बनवली ते छापलेलं असतं, हे अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आम्हा मराठी मंडळींना काकांमुळेच कळलं. घर बांधताना बसवलेली टाकी सहसा कुणी बदलत नाही, म्हणून टाकीचं वय तेच घराचं वय, असं त्यांचं गणित. हात पुसत बाहेर येऊन ते "एकोणीसशे पासष्ट, ऑगस्ट" असं जाहीर करायचे. त्यानंतरच त्यांना वरणभात गोड लागायचा.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं लिननं. लिन तैवानचा, काकांच्याच लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसायचा. गाड्यांचे भाग मोडेपर्यंत वाकवायचे आणि ते किती टिकले ते लिहून ठेवायचं, हे दोघांचं काम. "कुठलीही वस्तू एकाएकी मोडत नाही शुभा, आपल्याला तिचं वय माहीत नसतं इतकंच," हे काकांचं आवडतं वाक्य. लिनचे आजोबा गावात फेंगशुई बघायचे. डबा खाताखाता त्यानं काकांना सांगितलं की घराची नुसती दिशा बघून भागत नाही, आधी वय बघावं लागतं. वीस-वीस वर्षांचे कालखंड असतात. घर ज्या कालखंडात जन्मतं त्याचं नशीब घेऊन येतं, आणि तो कालखंड संपला की घराचा जोर ओसरतो. चालू कालखंड चौसष्ट साली लागला होता आणि चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत संपणार होता.

आमच्या ओळखीतली झाडून सगळी घरं त्याच वीस वर्षांतली होती.

आमच्या टाकीत सदुसष्ट निघालं तेव्हा सुधीर, म्हणजे माझा नवरा, हसला. मला हसू आलं नाही. मी मुळात काळजीला निमित्त शोधणारी बाई. मोटार कंपन्यांतले ले-ऑफ आता कुठे थांबत होते, आणि आता घरच रिटायर होणार म्हणे. त्या पानगळीत घर गरम करणारी फर्नेस जरा धडधडली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे कान द्यायची. सुधीर चिडवायचा, कंपनीतून रिटायर होणाऱ्याला देतात तसं घराला गोल्ड वॉच देऊया.

"वय कळल्याशिवाय औषध नाही," असं काका म्हणायचे. वय कळलं होतं, आणि औषधही होतं. लिनच्या सांगण्याप्रमाणे छप्पर पूर्ण उतरवलं, घराला आकाश दाखवलं आणि नवं छप्पर घातलं की घर पुन्हा जन्माला येतं. वय शून्य. काकांनी हा उपाय इतक्या कळकळीनं गावभर सांगितला की आमच्यातल्या एका डॉक्टरांनी अजिबात न गळणारं छप्पर उतरवलं आणि शेजारच्या अमेरिकन माणसाला कारण काय सांगायचं म्हणून आठवडाभर डोकं खाजवलं.

आणि ज्यांचं छप्पर खरंच गळत होतं ते टिपणीसकाका स्वतः ढिम्म.

कुसुमकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा अजय कॅलिफोर्नियात शिकत होता. घरात काका एकटे. बेडरूमच्या छतावर पाण्याचा डाग पडला, तो परातीएवढा झाला, मग छत फुगलं. काकांनी पलंग सरकवून खाली पातेलं ठेवलं. दोनदा छपरवाले आले, आणि दोन्ही वेळा काकांनी त्यांना कॉफी पाजून दारातूनच परत पाठवलं. जानेवारीत बर्फ साचायला लागलं तशी माझी झोप उडाली. अजयचा फोन आला. "शुभा आंटी, प्लीज टॉक टू हिम. दॅट सीलिंग इज गोइंग टू फॉल ऑन हिज हेड." मी म्हटलं, बोलते. बोललेही. काकांनी मला आमच्या फर्नेसचं वय विचारलं.

फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मी पिठलं-भात घेऊन गेले तर काका सोफ्यावर पांघरूण घेऊन बसलेले. सकाळी छताचा तुकडा पडला होता, नेमका उशीवर. ते तेव्हा दाढी करत होते म्हणून वाचले. मी आत जाऊन ती उशी बघितली. मग मी जी सुटले ती सुटलेच. दुसऱ्यांना छपरं उतरवायला लावता, आणि स्वतःच्या डोक्यावर बर्फ घेऊन झोपता? कालखंड या आठवड्यात संपतोय, तुम्हीच सांगत होतात ना? अजयला मी काय तोंड दाखवू?

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून मला स्वयंपाकघरात नेलं, विजेच्या शेगडीची एक कॉइल उचलली आणि खालची पत्र्याची ताटली दाखवली. ताटलीत एक काळा, जळका डाग होता. बाकी शेगडी लख्ख घासलेली.

"या घरात आलो त्या दिवशी कुसुमनं इथे दूध उतू घालवलं," काका म्हणाले. "नव्या घरात घालवतात तसं. अडुसष्टचा जून. लिन म्हणतो, टाकी वगैरे सगळा अंदाज. खरं वय माणसं राहायला आली, चूल पेटली, तिथून धरतात. म्हणजे माझं घर या दुधापासून सुरू झालं."

त्यांनी कॉइल हलकेच जागेवर बसवली.

"छप्पर काढलं की घर नवं. शून्य वर्षं. मग त्या घरात कुसुम कधी राहिलीच नाही, असं होईल गं."

मला रडू आलं. इतके महिने मी या माणसाला तऱ्हेवाईक म्हणत होते, पार्ट्यांमध्ये त्यांच्या नकला करत होते, त्याची मला लाज वाटली. पण उशीवरचा तो तुकडाही डोळ्यांसमोरून हलेना. नाक पुसून मी विचारलं, "काका, सगळं छप्पर न काढता नुसतं ठिगळ लावलं तर वय बदलतं का?"

 हा प्रश्न काकांनी लिनला विचारलाच नव्हता. त्यांनी तिथूनच लॅबमध्ये फोन लावला आणि सगळी मापं इंचांत सांगितली. पलीकडे लिननं बराच वेळ घेतला असावा, कारण काका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. मग ते खुर्चीत बसले. ठिगळानं वय बदलत नाही, ठिगळ म्हणजे नुसतं औषध, असं लिन म्हणाला होता.

त्या रविवारी सुधीर आणि दोघातिघांनी वर चढून ताडपत्री बांधली. बर्फ वितळल्यावर पाचवा हिस्सा छप्पर बदललं. जुन्या रंगाचे तुकडे कुठेच मिळेनात, त्यामुळे करड्या छपरावर एक तपकिरी चौकोन बसला. काकांना तो फार आवडला. कालखंड बदलला. आमची फर्नेस धडधडत राहिली आणि मी तिच्याकडे कान देत राहिले.

जूनमध्ये काकांनी आम्हाला बोलावलं. अजयही आला होता. घराला सोळा वर्षं पूर्ण झाली म्हणून काकांनी त्याच कॉइलवर दूध ठेवलं होतं. दूध वर आलं, कडेवरून उतरलं, धूर झाला, स्मोक अलार्म कोकलायला लागला. अजय "बाबा, टर्न इट ऑफ" म्हणत खुर्ची घेऊन अलार्मखाली धावला. मी शेगडीच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे," काका म्हणाले. "त्या दिवशी मी तिला ओरडलो होतो."