अठ्ठेचाळीस अस्वलांचा पहाड

"पहाड? चार दिवसांत उभा करतो, भिया. तू फक्त रंग आणून दे!" बाळकृष्णने शेजारच्या रजतला छाती ठोकून सांगितलं खरं, पण आयुष्यात त्याने पहाड म्हणून पाहिला होता तो मानपूरचा घाट, आणि तोही बसच्या खिडकीतून, मळमळत असताना.

मिलला टाळं लागून दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून बाळकृष्ण घरी मटार सोलत बसायचा. आता हा रजत भंवरकुआं चौकात कॉलेजच्या पोरांसाठी आइस्क्रीमचं दुकान काढत होता. "देखो काका, भिंतीवर उभे कडे, पाइनची झाडं, जंगली जनावरं, सगळं पाहिजे. आत येताच थंडी वाजली पाहिजे," तो म्हणाला. इंदुमतीने, म्हणजे बाळकृष्णच्या बायकोने, संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला सांगून टाकलं की ह्यांना काम मिळालं. आता काम फसलं की तोंड लपवून पुन्हा मटार.

बाळकृष्णने मिलच्या छपाई खात्यात बावीस वर्षं चादरींची नक्षी काढली होती. तिथे शिस्त एकच: दीड फुटाचा तुकडा चोख काढायचा, पुढे तोच छापत जायचं, आणि जोड दिसता कामा नये. त्याने एका कॅलेंडरवरून कडा, चार पाइन, झरा, बिबट्या आणि अस्वल उचललं, पुठ्ठ्याचा साचा कापला, दाराला चादर लावली आणि कामाला भिडला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी चादर निघाली. भिंतीवर एका ओळीत आठ, अशा एकाखाली एक सहा ओळी, मिळून अठ्ठेचाळीस अस्वलं होती. वरच्या प्रत्येक अस्वलाचा झरा बरोबर खालच्या अस्वलाच्या टाळक्यावर पडत होता.

"काका," रजत बोटाने अस्वलं मोजत म्हणाला, "अपन ने एक पहाड बोला था."

"नीट बघ की. एकाचं नाक दुसऱ्यापेक्षा सूतभर इकडेतिकडे नाही."

"तेच तर बोलतोय! जंगल आहे का कवायत?"

इंदुमतीने पदर तोंडाला लावला. हसू आवरायला की रडू, ते बाळकृष्णला कळेना. मेलो, असं त्याला वाटलं. रजत धावत फुगे आणायला गेला, निदान चाळीसएक अस्वलं झाकावीत म्हणून. तेवढ्यात त्याची मावशी सरलाबाई पाहुण्यांच्या आधी येऊन टपकली. ती थेट भिंतीपाशी गेली आणि दोन बोटांनी अस्वल चिमटीत धरायला लागली.

"पडदा भोत छान आहे हो. कुठल्या मिलचा?"

बाळकृष्णचा ऊर भरून आला. दीड वर्षात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "आमच्याच," तो म्हणाला, आणि सवयीने पुढे बोलून गेला, "किती मीटर देऊ?"

"मावशी, भिंत आहे ती," फुगे घेऊन आलेला रजत म्हणाला.

"भिंत? मग तर पुसता येईल," सरलाबाई आणखीच खूश झाली. "आमच्या बैठकीत पण करून द्या. पण आमची भिंत छोटी आहे. एकच अस्वल पुरे."

इंदुमतीचा चेहरा फुलला. बाळकृष्णला मात्र दरदरून घाम फुटला. त्याने बायकोला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच विचारलं, "अगं, एकच? आणि नेमकं तेच बिघडलं तर?"