दुबई ते मेलबर्न, आज किती?

"चौदा घंटे? अन् चहाला कुठं थांबतं मंग?"

युसूफचाचांनी माझ्या मोबाइलकडे बघत हे विचारलं, तेव्हा जीपमधले सगळे हसले. मी हसले नाही. मी जीपमध्ये कोणाशी बोलतच नाही. कानात इअरफोन घालून बसते. त्यात बहुतेकदा काहीच वाजत नसतं.

चाचा जाफराबाद-भोकरदन जीप चालवतात. मी भोकरदनच्या इंग्रजी शाळेत शिकवते. "बेटी इंग्लिशवाली है," असं सगळ्यांना सांगून ते पुढची खिडकी माझ्यासाठी राखतात आणि त्या बदल्यात रोज सकाळी एकच विचारतात, "दुबई ते मेलबर्न, आज किती?"

मी रोज तेच दाखवते. साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर, चौदा तास.

"कालच्याइतकंच?" त्यांचा चेहरा उतरतो.

आधी मला वाटलं, ते विसरतात. तसं नव्हतं. चाचांच्या लेखी अंतर रोज बदलतं. पूल खचला की भोकरदन लांब जातं, डांबर पडलं की जवळ येतं. "वरच्या रस्त्याचं बी काम कुणीतरी करूनच राह्यलं असंल," ते आभाळाकडे बघत म्हणतात. विमान न भरताच सुटतं, हे तर त्यांना अजून पटलेलं नाही. "रिकाम्या सीटा घेऊन? मालक बिलकुल येडा है!"

मागच्या सीटवरून हसनाबादचे गुरुजी टोमणा मारतात, "युसूफभाई, पासपोर्ट तरी काढा! नुसतीच चौकशी."

"मला कुठं जायचंय, गुरुजी? आपली ट्रिप भोकरदनपर्यंतच."

इथून दुबई किती, इथून मेलबर्न किती, हे ते कधीच विचारत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दुबईत त्यांचा मुलगा इम्रान एसी दुरुस्त करतो. मेलबर्नला मुलगी शबाना, लग्न होऊन गेलेली.

परवा जीप भरेना. आम्ही दोघंच बसून होतो.

"दोघं बोलत न्हाईत एकमेकाशी," स्टीअरिंग पुसत चाचा अचानक म्हणाले. "तीन साल झाले."

त्यांची बायको गेली तेव्हा इम्रान दुबईहून वेळेत पोचला. 'मी येईपर्यंत थांबा,' असं फोनवर रडून सांगून शबाना निघाली होती. ती आली तेव्हा आईला माती देऊन झाली होती. भाऊ थांबला नाही, हा राग तिनं धरला तो धरलाच.

"इम्रान थांबू म्हणत होता," चाचा म्हणाले. "मीच न्हाई म्हणलो. उन्हाळा होता, बेटा. तिच्या अम्मीला तशी ठेवायला माझा जीव धजला न्हाई. पोरानं समदं आपल्या अंगावर घेतलं. म्हणला, अब्बा, तुम्ही काही सांगू नका, तुमच्यावर रुसली तर ती कुणाकडं येईल?"

ते फडकं घडी करत बसले. स्टँडच्या त्या टोकाला गुरुजी येताना दिसत होते.

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"चाचा, हे शबानाबाजींना तुम्हीच सांगा. आत्ता. नंबर द्या, मी लावून देते."