कायमचे परत जाण्याचा साप्ताहिक कार्यक्रम

मनुष्याला विश्रांतीची गरज असते, हे आता सर्वमान्य झाले आहे. (आमच्या कंपनीलाही ते मान्य आहे, फक्त कोणत्या मनुष्याला, याबद्दलचा खुलासा वरून यायचा आहे.) पण विश्रांती म्हणजे नुसते आडवे होणे नव्हे. आडवा झालेला मनुष्य विचार करू लागतो, आणि घरापासून लांब राहणाऱ्याने विचार करणे प्रकृतीला बरे नसते. म्हणून आठवडा संपल्यावरची विश्रांती चारचौघांत, ठरलेल्या पद्धतीने आणि जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली घ्यावी, असे आमच्या खोलीचे मत आहे.

आमची खोली म्हणजे चार दुमजली पलंग, आठ माणसे, एक खुर्ची आणि एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. ती भिंत आम्हीच बांधलेली असल्याने तक्रार करायची सोय नाही. सगळे परदेशातल्या एकाच बांधकाम कंपनीत. मी स्टोअर सांभाळतो. जबाबदार माणूस म्हणजे मुकादमकाका. ते वयाने मोठे असून खालच्या पलंगावर झोपतात.

बाकीच्या खोल्या सुटीच्या आदल्या संध्याकाळी काय करतात, हे सांगण्यासारखे नाही. एका खोलीत पत्ते खेळतात आणि आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. दुसरीत गाणी म्हणतात आणि दुसऱ्या कडव्याला रडतात. कंपनीने करमणुकीसाठी कॅरम दिला आहे. सोंगट्या मागवल्या आहेत. (मागणी मीच पाठवली असल्यामुळे त्या येणार नाहीत, हे खात्रीने सांगू शकतो.) आमच्या खोलीने मात्र बिनखर्चाची, बिनआवाजाची आणि जागरण न होणारी करमणूक शोधून काढली आहे. आम्ही कायमचे परत जातो.

पद्धत सोपी आहे. जेवणे उरकून भांडी पालथी पडली, की ज्याची पाळी असेल तो खुर्चीवर बसतो, एक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, "बास झालं. आता जातो तो कायमचाच. खरंच सांगतो." मग पलंगाखालची बॅग ओढतो, तीही अर्धीच. (बॅगा एरवी रिकाम्याच, म्हणून त्यांत कांदे ठेवायचे ठरले आहे. पूर्ण ओढली तर कांदे गडगडतात.) मग उरलेल्या सात जणांनी त्याची समजूत घालायची. तो ऐकत नाही. मग ऐकतो. बॅग आत जाते, चहा होतो आणि मंडळी हलक्या मनाने झोपी जातात.

समजुतीची कामे वाटून दिलेली आहेत. मुकादमकाका अर्धवट राहिलेल्या घराच्या स्लॅबची चौकशी करतात. माझ्याकडे आरोग्य खाते आहे; कोणाच्या आईचा गुडघा, कोणाच्या सासऱ्यांचे डोळ्याचे ऑपरेशन, हे मला तोंडपाठ आहे. वायरमन विचारतो, "तिथं जाऊन करणार काय?" यावर बहुतेक जण किराणा दुकान टाकतात आणि वायरमन ते दुकान पाच मिनिटांत बुडवतो. सुतार एकटा कोंबड्या पाळतो. गेली इतकी वर्षे पाळतो आहे, की त्या खऱ्या असत्या तर आज त्यांच्या पणत्या अंडी देत असत्या.

शेवटचे काम प्लंबरचे. तो उठतो, खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "अरे, अजून एकच वर्ष. इतकी काढलीस, एक काय जड आहे?" हेच वाक्य आम्हीही म्हणून पाहिले आहे, पण त्याच्यासारखे कोणाला जमत नाही. त्यापुढे आजवर कोणी टिकलेले नाही. खुद्द मुकादमकाका दोनदा पुरे विरघळले आहेत. खुर्चीवर बसलेल्यांपैकी प्रत्यक्षात परत गेलेल्यांची संख्या शून्य आहे. इतके यश दुसऱ्या कुठल्या योजनेला आल्याचे ऐकिवात नाही.

अशा सुरळीत चाललेल्या कार्यक्रमात प्लंबरनेच खोडा घातला, याचा खेद वाटतो.

त्या संध्याकाळी पाळी सुताराची होती. आठवडाभर रंधा मारता मारता त्याने सुस्काऱ्याची तयारी केली होती. तो खुर्चीकडे निघणार तोच प्लंबर खुर्चीवर जाऊन बसला. सुस्कारा न सोडताच म्हणाला, "मी चाललो." आणि बॅग पूर्ण ओढली. कांदे पार दारापर्यंत गेले.

"पाळी माझी आहे," सुतार म्हणाला.

"काका, मी खरंच चाललोय," प्लंबर म्हणाला.

मुकादमकाकांनी त्याला शांतपणे समजावले, की खरंच तर सगळेच म्हणतात. ते मजकुरातच आहे. नियमाप्रमाणे कारण द्यावे.

प्लंबरने कारण दिले. दुपारी त्याने घरी फोन केला, तो त्याच्या मुलीने उचलला. स्क्रीनवर तोंड बघितले आणि आत ओरडून सांगितले, "आई, ते मोबाइलमधले काका आलेत."

"मी बाप आहे तिचा," प्लंबर म्हणाला. "परवा ऑफिसात करार वाढवायची सही आहे. मी नाही करणार."

मला वाईट वाटले, हे इथे नमूद करतो. माझ्या मुलाचा आवाज फुटल्याचे मला फोनवरच कळले होते, आणि तेही राँग नंबर म्हणून दोनदा ठेवून दिल्यावर.

पण काम ते काम. काकांनी घसा साफ केला आणि स्लॅबचे विचारले.

"स्लॅब झाला, काका. आता त्याच्याखाली राहायला माणूस पाहिजे."

मी आईचा गुडघा काढला. तो म्हणाला, "तिला धरून दवाखान्यात न्यायला मी असेनच की."

वायरमनने विचारले, "तिथं जाऊन करणार काय?"

"नळ दुरुस्त करीन. तिथंही गळतात."

वायरमन गडबडला. परत जाऊन आपल्याला येते तेच काम करायचे, ही कल्पना खोलीत पूर्वी कोणी मांडलेली नव्हती. दुकान बुडवता येते, कोंबड्यांवर रोग आणता येतो. गळणाऱ्या नळाला काय करणार? सुतार म्हणाला, "जाऊ द्या त्याला." पण तो पाळी गेल्यामुळे चिडलेला होता, म्हणून त्याचे मत धरले नाही.

परिस्थिती गंभीर होती. एक माणूस खरोखर गेला असता तर जाता येते हे सिद्ध झाले असते, आणि मग उरलेल्या सात जणांना विश्रांती कशी मिळणार? आता एकच काम शिल्लक होते, आणि ते करणारा स्वतःच खुर्चीवर बसला होता. काकांनी थोडा विचार करून निर्णय दिला.

"ऊठ. शेवटचं काम तुझं आहे."

"काका, मी मलाच कसं सांगू?"

"आमच्यासाठी इतक्या वेळा उठलास ना? मग. हातातलं काम अर्धवट टाकून जाणारा तू नव्हेस."

हे मात्र खरे होते. प्लंबरने आजवर एकही सांधा कच्चा सोडलेला नाही. तो जड पायांनी उठला, खुर्चीमागे गेला आणि जिथे आपला खांदा आला असता तिथे, हवेतच, हात ठेवला. "अजून एकच वर्ष," तो पुटपुटला.

"नीट," काका म्हणाले.

मग त्याने आवाज खाली आणला. "अरे, अजून एकच वर्ष. इतकी काढलीस, एक काय जड आहे?" एवढे म्हणून तो थांबला, आणि मग त्याने आम्ही कधी न ऐकलेले पुढे जोडले. "पोरीचं म्हणशील, तर विसरायची ती विसरली. आता वर्षभरानं आणखी काय बिघडणार?"

इतके बिनतोड बोलणे आमच्या खोलीत पूर्वी झाले नव्हते. तो पुढे येऊन खुर्चीवर बसला. त्याने आपले म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यासारखे वाटले. त्याचे डोळे भरून आले होते.

"पटलं," तो म्हणाला.

आम्ही कांदे गोळा केले. चहा झाला. ठरल्या दिवशी त्याने करारावर सही केली. सुताराचे परत जाणे पुढच्या आठवड्यावर ढकलण्यात आले असून त्याने कोंबड्यांची संख्या वाढवली आहे.

वाचकहो, आपल्याला प्लंबरची दया आली असेल. ती त्याला कळवतो. पण आपणही काहीतरी सोडून कुठेतरी, कोणाकडेतरी जाणारच होतात ना? आम्हाला एक माणूस थांबवायला सात जण लागतात, आणि तरी एकदा कमी पडलो. आपण मात्र हे सगळे घरबसल्या, एकट्याने, तोंडातून शब्दही न काढता करता. आपली पद्धत आमच्या खोलीला शिकायची आहे. तेव्हा सध्या चालू असलेले 'अजून एकच वर्ष' हे आपले कितवे, तेवढे कृपया कळवावे.