झेडवाले आप्पा

राजपुऱ्यात नवा माणूस राहायला आला की आप्पा त्याला नाव-गाव विचारत नाहीत. "झेडचा एक शब्द सांगा," म्हणतात. "तीन अक्षरांचा. झू आणि झिप सोडून. ते शेंबड्या पोरालेबी येतात."

सहा वर्षांपूर्वी मी शेजारी राहायला आले, तेव्हा टेम्पोतून कपाटही उतरलं नव्हतं आणि हा म्हातारा दारात उभा. मी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. घाम पुसत, जरा गुर्मीतच म्हटलं, "झेब्रा." आप्पांनी बोटं मोजली, "पाच झाले, मॅडम," म्हणाले आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेले. बावीस वर्षांत मी शेकडो पोरांना नापास केलं असेल, पण मला नापास करणारा हा पहिलाच. राग येणार नाही तर काय होईल?

आणि इंग्रजी येतं म्हणाल, तर खिडकीला इंग्रजीत काय म्हणतात हेही त्यांना ठाऊक नाही. पण झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी फरश्या तासायचं हत्यार, झो म्हणजे याक आणि गाय यांची औलाद, यॉ म्हणजे जहाजाने वाट सोडून भलतीकडे वळणं, हे सगळं तोंडपाठ. एक्स, वाय आणि झेड, बस्स. "बाकी सगळी भरतीची अक्षरं आहेत, मॅडम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बँकेतला फॉर्म त्यांनी परत केला होता, कारण दोन पानांत एकही झेड नव्हता.

हे शब्द ते वापरतातही. रिक्षावाला आडवा घुसला की, "यॉ करून ऱ्हायला का रे?" वाण्याच्या मुलाच्या गालावर पुटकुळी दिसली की, "झिट आलं तुले." तो बिचारा आठ दिवस काळजीत होता. दूधवाल्याचं कुत्रं केकाटलं की, "यॅप बंद." विशेष म्हणजे कुत्रं गप्प बसतं.

दर उन्हाळ्यात आप्पांची नात पीहू दिल्लीहून येते आणि महिनाभर राहते. सोबत आलेली तिची आई चार दिवसांत नोकरीवर परतते. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून या एका महिन्यासाठी बाकीचे अकरा काढायचे, असा त्यांचा हिशेब. यंदा पीहू अकरा वर्षांची झालेली. आल्या आल्याच तिने जाहीर केलं, "मी मम्मीसोबतच वापस जाणार. यहाँ बहुत बोर होता है."

आप्पांनी कॅरम आणला, रोज मावा जिलेबी आणली. पोरीने जिलेबी खाल्ली, पण बेत बदलला नाही. दोन दिवस आप्पांच्या तोंडून एक झेड बाहेर पडला नाही. मला चक्क करमेना. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले.

"मॅडम, पोरगी तो चौकटीवर अक्षरं मांडायचा खेळ खेळते. त्यात झेड असतो का?"

"असतो. सगळ्यात जास्त गुण त्याला. दहा."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की मी पुढचं सांगायचं विसरले. झेडची सोंगटी एकच असते.

पैज लागली. आप्पा जिंकले तर पीहू महिनाभर राहणार. शाळेतली चॅम्पियन पोरगी हसत हो म्हणाली. पंच मी, शब्दकोश माझ्या फोनमध्ये.

सुरुवात बघवेना. ती गार्डन मांडतेय, प्लॅनेट मांडतेय आणि आप्पा "पास" म्हणताहेत. मग वाय हाती लागला, याक मांडला. पुढे दुसऱ्या वायने यू नावाचं झाड. मधूनच कॅट, बॅट असली बालवाडीतली जुळवाजुळव. शेवटी सोंगट्यांची पिशवी रिकामी झाली तेव्हा पीहू एक्कावन्न गुणांनी पुढे होती. आप्पांकडे दोनच सोंगट्या उरल्या, मघापासून कुरवाळत असलेल्या. त्यांनी प्लॅनेटमधल्या ए च्या वर झेड ठेवला, खाली एक्स. उभा झॅक्स. वरचं घर लाल होतं, म्हणजे सगळ्या शब्दाचे तिप्पट गुण. सत्तावन्न.

"ये कोई वर्ड ही नहीं है," पीहू म्हणाली. "मॅडम, चेक करो."

मी शोधेपर्यंत आप्पा उठून अंगणातल्या फरशीवर हत्यार कसं मारायचं ते करूनही दाखवू लागले. मी दोनदा चुकीची अक्षरं दाबली, खोटं कशाला बोलू. शब्द सापडला. "आहे," मी म्हटलं, "आणि अर्थही तोच." एवढ्या मोठ्याने म्हटलं की पलीकडचा दूधवाला डोकावला. आप्पांनी त्याला ऐटीत सांगितलं, "सहा गुणांनी."

पीहूने जरा पाय आपटले. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आजोबा, इतने अजीब वर्ड्स आले कुठून?"

"मी कागदाच्या कारखान्यात होतो ना, रद्दीच्या यार्डात," आप्पा म्हणाले. "एकदा रद्दीत डिक्शनरी आली, पुठ्ठा नसलेली. साहेबाले विचारून घरी आणली. रोज सकाळी तुझ्या बापाले एक पान द्यायचो, पाठ करून घ्यायचो. मले वाचता येत होतं तितकं. डब्ल्यू संपला आणि त्याले दिल्लीत नोकरी लागली. शेवटची सहा पानं ऱ्हायली. ती मंग मीच पाठ केली."

"का?"

"सकाळची सवय पडली होती, बेटा. म्हणवून घ्यायला घरात कोणी नव्हतं."

मी सोंगट्या पिशवीत भरत बसले, कारण मला कुणाकडे बघायचं नव्हतं. पीहूने आईचा फोन घेतला आणि दिल्लीला लावला. "पप्पा, झॅक्स का मतलब बताओ... नहीं आता ना? आपके छह पेज बाकी हैं. आजोबांकडे आहेत."

 फोनमधून तिच्या बापाचा, संदीपचा आवाज आला, "आप्पांना दे."

आप्पांनी फोन कानाला लावला. ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "ये. पण पाठ करून घेईन."

संदीप शनिवारच्या गाडीने आला. रविवारी सकाळी मला भिंतीपलीकडून एक्सचं पान ऐकू येत होतं. बेचाळीस वर्षांचा बाप्या अडखळत एकेक शब्द म्हणत होता. न अडखळता म्हटलेले शब्दही आप्पा त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते.