मारुतरावांचा उडालेला रंग

"आपण फोटो रॉमध्ये काढतो, कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत! रंग बघून डोळे दिपतील लोकांचे!"

निमोण्याचा सत्यजीत छाती फुगवून सांगत होता. मारुतरावांच्या साठीच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायचं काम त्यानं हट्टानं मागून घेतलं होतं. कारण तेजश्री, मारुतरावांची लेक! तिचा होकार होता, घोडं अडलं होतं बापापाशी. फ्लेक्स झकास झाला, की त्याच दिवशी मागणी घालायची, असा डाव होता.

रॉ फाइलचा फोटो करताना त्यानं सगळ्यात जास्त रंग मावणारं मोठं कलर प्रोफाइल निवडलं. शिरूरचा फोटो-फ्लेक्सवाला शोएब फोनवर कळवळला, "आरं, साधं एसआरजीबी कर. तुझं भारी प्रोफाइल माझ्या मशीनला वाचता येत न्हाई, रंग उडत्याल!"

"साधं गरिबांना! तू नुसता छाप!"

छाप म्हणाला, शोएबनं छापलं.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला आणि सत्यजीतनं कपाळावर हात मारला. त्याच्या कॉम्प्युटरवर तुकतुकीत दिसणारे मारुतराव इथं राखेसारखे करडे पडले होते! त्यात झेंडूच्या माळांची चौकट त्यानंच हौसेनं टाकलेली. असा फ्लेक्स गावात कशासाठी लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. खालचं 'शुभेच्छुक' वाचायला थांबतो कोण?

कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो भांडगावला, मारुतरावांच्या बहिणीला, कस्तुराबाईंना धाडला. खात्री करायला फोन लावावा, हेही तिथं कुणाला सुचलं नाही. दहाच्या आत जीपभर माणसं दारात!

"दादा रंऽ! न सांगता कसा गेलास!" कस्तुराबाईंनी हंबरडा फोडला.

मारुतराव आत दाढी करत होते. तोंडभर फेस घेऊन ते तसेच बाहेर आले. "कुठं गेलो? हितंच हाय की!"

ते पांढरंफटक तोंड बघून बाई आणखीच किंचाळल्या.

सत्यजीत धापा टाकत पोचला. "मामा, चूक माझी! प्रोफाइल चुकलं!"

मारुतरावांचं लक्षच नव्हतं. बांधावरून भांडून कैक वर्षं अबोला धरलेला धाकटा भाऊ म्हस्कू फ्लेक्स बघून धावत आला होता आणि खांबाला मिठी मारून ढसाढसा रडत होता. मारुतरावांनी त्याला फेसासकट कवटाळलं. दोघंही रडले. बघणाऱ्यांचे डोळेही भरून आले.

मग डोळे पुसत ते सत्यजीतकडं वळले. "पोरा, तुझ्यापायी भाऊ मिळाला. तेजश्रीसाठी घिरट्या घालतुयास न्हवं? दिली म्हण!"

सत्यजीतचे पाय जमिनीवर ठरेनात.

"पर एक अट हाय. लग्नाचं फोटू शोएब काढंल. माझी पोर मांडवात जित्ती दिसाया पायजे!"